काविळीच्या औषधाचं नाव

आई गेल्या त्या सकाळी मी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसले होते. समोर खोकल्याची बाटली घेतलेले एक आजोबा, दोन चमचे म्हणजे चहाचे की जेवणाचे, यावर माझ्याशी वाद घालत होते, आणि तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "आई गेली," एवढंच तो म्हणाला. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "सकाळी काय काय घेतलं होतं त्यांनी?" पलीकडून तो म्हणाला, "तुह्या समोरच तं सांगितलं ना तिनं. बीपीची गोळी अन् चहा. बाकी काहीच नाही." ओसरीवर टेकून बसल्या होत्या, बसल्या बसल्याच मान कलली, असं तो सांगत राहिला. मी "बरं" म्हणाले, आजोबांना चमचा दाखवला, आणि मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं. सासू गेल्याचं ऐकून सुनेला सुटल्यासारखं वाटलं म्हटल्यावर वाचणारे कान टवकारतील, हे मला ठाऊक आहे. टवकारू द्या. आता काही आठवडे उलटले आहेत, घर जरा थाऱ्यावर आलं आहे, म्हणून सगळं नीट सांगते.

आमच्या सासूबाई कौसल्याबाई. पण आमच्या गावात, कोंढ्यात, आणि आसपासच्या गावांत हे नाव कुणी घेत नसे. 'कावीळवाली बाई' म्हटलं की ऑटोवाला थेट आमच्या ओसरीपाशी आणून सोडायचा. दर रविवारी आणि बुधवारी सकाळी पिवळ्या डोळ्यांची माणसं येऊन बसायची. ओसरीच्या कडेला एक रुंद काळा दगड आहे, त्यावर उगवतीकडे तोंड करून बसायचं, उपाशीपोटी, आणि आई देतील तो हिरवा रस एका घोटात प्यायचा. मोबदल्यात फक्त नारळ. हळद बंद, तेल बंद, आणि बोलणंही बंद. म्हणजे या औषधाविषयी बोलणं. कारण औषधाचं नाव कुणी घ्यायचं नाही, असा दंडक होता. नाव घेतलं की गुण जातो. आईंना हे औषध त्यांच्या सासूकडून मिळालं होतं, तोंडातून नाव निघू देणार नाही असं देवासमोर कबूल करून. आमच्या घरात त्याला नुसतं 'ते' म्हणत. "ते कुटलं का?" "ते झाकून ठेव." लग्न होऊन आले तेव्हा मला काही दिवस वाटत होतं की घरात कुणीतरी आजारी माणूस लपवून ठेवला आहे.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली. पुड्यावर नाव नाही, कुणी केलं ते नाही, कधीपर्यंत चालेल ते नाही, असं काहीही माणसाच्या पोटात जाताना पाहिलं की माझा जीव खालीवर होतो. आईंचा रस पिऊन माणसं बरी व्हायची, हे खरं. पण साधी कावीळ पथ्य पाळून, पडून राहिलं की बहुतेक वेळा आपोआप उतरते, हेही खरं, आणि हे मी बोलले की आईंच्या कपाळावर आठ्या चढायच्या. "मंग तुह्या गोळ्यांनं ताप उतरते, तो आपल्या आपण नाही उतरत का वो?" पण माझं भांडण गुणाशी नव्हतंच, माझं भांडण त्या 'ते'शी होतं. एकदा मी पहाटे त्यांच्या मागे मागे धानाच्या बांधापर्यंत गेले, निदान काय उपटतात ते तरी पाहावं म्हणून. आईंनी मागे वळून पाहिलं आणि रिकाम्या हाताने घरी परतल्या. ओसरीवर बसलेल्या माणसांना म्हणाल्या, "आज औषध नाही. काहून नाही, ते या सूनबाईले इचारा." लांबलांबून आलेल्या त्या माणसांना तोंड देता देता माझी पुरती वाट लागली. परत म्हणून मी बांधाकडे फिरकले नाही.

या दंडकाची दुसरी बाजू मला दवाखान्यात दिसायची. माणसं यायची, डॉक्टर विचारायचे, "आणखी काही घेता का? झाडपाला, चूर्ण, काढा?" आणि माणसं शपथेवर सांगायची, काही नाही. ओठाला हिरवा डाग तसाच. ही माणसं लबाड नव्हती. त्यांना भीती वाटायची, की सांगितलं तर औषध रुसेल, मग दोन्हीकडूनही जाऊ. शहरातल्या शिकलेल्यांचंही वेगळं नाही म्हणा. ते गुणाच्या भीतीने लपवत नाहीत, पण "ते तर आयुर्वेदिक आहे, त्यात काय सांगायचं" असं म्हणून गप्प राहतात. दोघांच्याही पोटात काय आहे ते डॉक्टरला कळत नाही ते नाहीच.

मग भाऊजींना कावीळ झाली. माझी नणंद वनिता नाकाडोंगरीला असते, तिचे यजमान तिकडे खाणीवर कामाला. भाऊजी म्हणजे सहा फुटी, मोठ्याने हसणारा माणूस, आईंचा फार लाडका. सख्ख्या मुलापेक्षा जवाईबापूंच्या ताटात तूप जास्त पडतं, अशी आमच्या घरातली जुनी तक्रार. दिवस उन्हाळ्याचे होते. आईंचं औषध पावसाळ्यात उगवतं आणि हिवाळ्यापर्यंत टिकतं, उन्हाळ्यात बांध कोरडे पडलेले. एरवी आई उन्हाळ्यात कुणालाच औषध देत नसत, पण हा जावई. त्यांनी वनिताला फोन केला. मी तिथेच भाजी निवडत होते. "इकडं ते नाही भेटत आता. तुमच्याकडच्या बाजारात जडीबुटीवाला बसते ना, त्याच्यापासून आण. वाळलेलं. काविळीचं. कडू असते." वनिताने विचारलं असणार, म्हणजे नेमकं काय आणू? "अवो, नाव कसं घेऊ? फोनवर घेतलं तं दोन्ही गावचा गुण जाईन. काविळीचं म्हण, तो देते बरोबर." मी भाजीत डोकं घालून हसले होते... ते हसू मला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

जडीबुटीवाल्याने बरोबर दिलं. काविळीचं, कडू, वाळलेलं. कागदाच्या पुडीत भरड चूर्ण, वर अर्थातच काही लिहिलेलं नाही. वनिता भाऊजींना घेऊन कोंढ्याला आली, आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर आईंनी ते चूर्ण आपल्या नेहमीच्या मापाने, म्हणजे सढळ हाताने, तांब्याभर पाण्यात उकळून जावयाला दिलं. "लयच कडू लागून राह्यलं," असं भाऊजी म्हणाले होते म्हणे. आई म्हणाल्या, औषध कडूच असते. दुपारपर्यंत त्या माणसाला उभं राहता येईना. उलट्या, जुलाब, थांबायचं नावच नाही, शेवटी शेवटी उलटीत रक्ताचे धागे. डोळे अर्धवट मिटलेले. शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्यांना भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी कामावरून परस्पर तिथे पोहोचले तेव्हा भाऊजी खाटेवर होते आणि ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडम वनिताला तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारत होत्या : "यांना काय दिलंत?" वनिता आईकडे बघत होती. आई भिंतीकडे बघत होत्या. "काही नाही दिलं," आई म्हणाल्या.

डॉक्टर तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे पाहा, कावीळ आहे, शुद्ध हरपत चालली आहे, उलटीत रक्त आहे. काही दिलंच नसेल, तर यकृत निकामी होतंय असं धरून मला यांना नागपूरला पाठवावं लागेल. या अवस्थेत वाटेत काही झालं तर..." मी आईंना व्हरांड्यात नेलं. मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "सांगा ना वो आई, काय दिलं ते!" आईंचे ओठ कोरडे पडले होते. "माह्या सासूले शब्द देल्ला मी. नाव घेतलं तं गुण जाते. अन् देणाऱ्याच्या घरावर येते." वनिता आमच्या मागे येऊन उभी होती. ती तिच्या आईला म्हणाली, "आणखी कोणतं घर राह्यलं आई? हेच तं घर आहे." ती ओरडली नाही, रडलीही नाही. तेवढं बोलून आत खाटेपाशी निघून गेली.

आई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांना पाहून मला पहिल्यांदा कळलं, की आजवर आम्ही ज्याला हट्ट म्हणत होतो ती भीती होती, आणि ती त्यांनी एकटीने वाहिली होती. नाव घेतलं तर जावई जाईल, असं त्यांना खरोखर वाटत होतं. नाही घेतलं तरी जाईल, हे समोर दिसत होतं. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, तरातरा आत गेल्या, भाऊजींच्या खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, आणि सगळा वॉर्ड वळून पाहील एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "भुईआवळा!"

इतकी वर्षं आमच्या घरात झाकून ठेवलेलं 'ते' हे एवढंच होतं. भुईआवळा! पावसाळ्यात प्रत्येक बांधावर, माझ्या दवाखान्याच्या आवारातसुद्धा उगवणारं वीतभर रोप. शिकताना मी त्याची चित्रं काढली होती. मला हसावं की रडावं ते कळेना. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्या स्वतः आयुर्वेदाच्याच पदवीधर होत्या. त्या म्हणाल्या, "आजी, भुईआवळ्याने असं होत नाही." आईंनी डोळे उघडले. "नाही होत?" "नाही. तुम्ही स्वतः तोडला होता का?" आणि मग बांध फुटावा तशा आई बोलायला लागल्या. बांधावर नव्हता, बाजारातून आणवला, नाव सांगितलं नव्हतं, काविळीचं म्हणून आणवलं, किती टाकलं, किती उकळलं, केव्हा दिलं. उरलेली पुडी वनिताच्या पिशवीतच होती. डॉक्टरांनी चिमूटभर तळहातावर घेतली, बोटाने पसरली. भरडीत फळाच्या सालीचे बारीक काटेरी तुकडे होते. भुईआवळ्याला कुठून येणार काटे? "देवडांगरी आहे ही," त्या म्हणाल्या. "हीसुद्धा काविळीत देतात, जडीबुटीवाला खोटं नाही बोलला. पण फार तीव्र असते. जाणकार वैद्य शुद्ध करून, मोजून देतो, आणि तेही सगळ्यांना नाही. तांब्याभर काढा म्हणजे विषच झालं."

त्या एका नावाने पुढचं सगळं बदललं. नागपूरची गाडी थांबवली. दोन्ही हातांना सलाईन लागलं, रक्त पुन्हा तपासलं, यकृत कावीळ झालेल्या माणसाचं असावं तेवढंच बिघडलेलं होतं. अंगातलं पाणी आणि क्षार मात्र पार आटले होते. सतत ओकून घशाला आतून ओरखडे पडले होते, रक्त तिथलं होतं. अंधार पडायच्या आत भाऊजींनी डोळे नीट उघडले आणि सासूला बघून पुटपुटले, "आई, आता काही पाजू नका वो." वनिता हसता हसता खाटेवर डोकं ठेवून हमसून रडली. आई व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मी चहा आणून दिला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला, आणि मग अगदी हळू, चव घेतल्यासारखं म्हणाल्या, "भुईआवळा... भुईआवळा..." माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तोंड मोकळं झालं पोरी." त्या क्षणी मला त्यांच्याइतकं जवळचं कुणी वाटलं नाही.

पुढचे काही दिवस त्या शापाची वाट पाहत होत्या. गाय दूध चोरायला लागली, त्यामुळेच. छपरावरचा कवेलू फुटला, त्यामुळेच. माझ्या धाकट्याचे दात किडले, तेही त्यामुळेच, चॉकलेटने नव्हे. भाऊजी मात्र दर फोनमागे जास्तच खणखणीत होत गेले. मग एक दिवस आईंनी देवासमोर नारळ फोडला आणि जाहीर केलं, "सासूनं माफ केलं असन." प्रकरण त्यांच्या बाजूने मिटलं. आम्ही जडीबुटीवाल्याची माहिती औषध निरीक्षकांच्या कानावर घातली. ते गेले, बिननावाच्या पुड्या उचलल्या, समज दिली. तो माणूस पुन्हा दुसऱ्या बाजारात बसला असेल, नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर एक वेगळाच निरीक्षक आमच्या घरात तयार झाला. एकदा मी आईंना डब्यावरचा मजकूर कसा पाहायचा ते दाखवलं. आत काय काय आहे, कुणी बनवलं, परवान्याचा क्रमांक, कधीपर्यंत चालेल. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुठे काय छापलेलं असतं ते त्यांनी लक्षात ठेवलं. भंडाऱ्याच्या बाजारात लाऊडस्पीकर लावून सांधेदुखीचं चूर्ण विकणाऱ्या एका माणसासमोर त्या उभ्या राहिल्या. "शंभर टक्के आयुर्वेदिक, साईड इफेक्ट झिरो!" तो ओरडत होता. आईंनी डबा उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "परवान्याचा नंबर कुठं हाये, बाप्पा? इथं रायते ना?" तो म्हणाला, आजी, निसर्गाला परवाना लागतो का? "निसर्गाले नाही लागत, डब्यात भरणाऱ्याले लागते. देवडांगरीबी निसर्गाचीच असते." गर्दी हसली. मी अभिमानाने आणि लाजेने निम्मी निम्मी झाले, आणि त्यांना ओढत पितळी भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. तिथेही त्यांनी दुकानदाराला तो किस्सा सांगितलाच.

रविवार-बुधवारची गर्दी मात्र ओसरली. गावभर झालं की बाईने नाव घेतलं, गुण गेला. हे आईंना लागलं, खोटं कशाला बोलू. ऑटोवाले थांबत ती प्रतिष्ठा होती, आणि त्यांना मान आवडत असे. जे थोडे येत राहिले, त्यांना त्या आधी रक्त तपासायला पाठवायच्या, आणि दगडावर बसवून एकच विचारायच्या, "काय काय घेऊन राह्यला? सगळं सांग. चुलतीनं देल्लेलंही सांग." गरोदर बाई, लहान लेकरू, ग्लानी आलेला माणूस यांना सरळ दवाखाना. रस देणं हळूहळू मागे पडलं, विचारणं तेवढं राहिलं. स्वतःला बीपी निघाल्यावर तर तो नियम त्यांनी स्वतःलाही लावला. रोज मी कामावर निघताना दारात उभ्या राहून मला हिशेब द्यायच्या. गोळी घेतली, आवळ्याची सुपारी खाल्ली, शेजारणीनं गुडघ्याले तेल लावून देल्लं, त्याच्यात काय हाये ते तिले पुसून येतो. त्या शेवटच्या सकाळीही सांगितलं. गोळी आणि चहा.

म्हणून त्या फोननंतर मला सुटल्यासारखं वाटलं. काहीही लपवलेलं नव्हतं. त्यांच्या पोटात आणि मनात काय आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हातारपण वेळेवर, शांतपणे येऊन त्यांना घेऊन गेलं. इतकं स्वच्छ मरण फार थोड्यांना लाभतं. भाऊजी नाकाडोंगरीहून आले. जावयाने खांदा द्यावा की नाही, यावर दोन म्हाताऱ्यांनी कुजबूज केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा खांदा धरला.

परवाच्या रविवारी सकाळी मी चहा घेऊन ओसरीवर आले, तर काळ्या दगडावर एक मुलगी बसलेली. डोळे हळदीसारखे पिवळे. सोबत आई-बाप, लांबच्या गावचे, ऑटोने आलेले. बाई गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा बापाने कपाळाला हात लावला. दवाखान्यात नेऊ, मीही रविवारच्या ड्यूटीला तिकडेच निघाले आहे, मी म्हटलं. मग मुलीच्या आईला विचारलं, "घरून काही देल्लं का हिले? काढा, चूर्ण, काही?" तिने मान हलवली, नाही. मुलीच्या ओठाच्या कोपऱ्यात हिरवा डाग होता. मी नुसतं त्या डागाकडे बोट केलं. तेव्हा मुलीची आई खालच्या आवाजात म्हणाली, "नाव कसं घेऊ वो बाई... नाव घेतलं तं गुण जाते ना."

मी त्या दगडाच्या कडेला, मुलीशेजारी बसले. गावची बोली मी एरवी फारशी बोलत नाही, पण त्या दिवशी ती आपोआप आली, आवाजही थोडा आईंचाच आला असावा. "गुण गेला तं जाऊ दे, माय. पोरगी राह्यली पायजे."

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने नाव सांगितलं.